निदान ‘येते’ म्हणू द्या

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते, लेखक आणि दिग्दर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी आई ८४ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे गेली काही वर्षं ती घराबाहेर फारशी पडत नाही. संध्याकाळी साडेसातला पलंगावरून उठते, भिंतीला धरत धरत बाहेरच्या खोलीत येते, दोरी लावलेला चष्मा डोळ्यांवर चढवते आणि टीव्हीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसते. मांडीवर ताट. कधी मटार, कधी गवार, काहीच नसलं तर निवडायला तांदूळ. तुमच्यापैकी एकाची मालिका तेव्हा लागते. नाव घेत नाही, कारण मला कुणा एकाला धरायचं नाही.

त्या मालिकेत एक माई होत्या. नायकाची आत्या. तरुणपणी नवरा गेला म्हणून माहेरी परतलेल्या, सगळ्या घराचं करणाऱ्या. कथेत त्यांना तसं काम नव्हतं. पण रोज एकदा त्या स्वयंपाकघराच्या दारातून पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि विचारायच्या, “आले का गं सगळे?” एवढंच. चार वर्षं. आणि चार वर्षं माझी आई ताटातून मान वर न करता उत्तर द्यायची, “आले हो माई, बसा आता.”

मागच्या श्रावणातल्या एका सोमवारी माई आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी धाकटी सून फोनवर कुणाला तरी म्हणाली, “माई गावाला गेल्यात.” आईला बरं वाटलं. मग गौरी आल्या. तुमच्या त्या घरात गौरींचं कौतुक आठवडाभर चाललं, आणि ज्यांच्या हातच्या पुरणाशिवाय त्या घरात नैवेद्य होत नसे, असं तुम्हीच आम्हाला सांगत होतात, त्या माई कुठंच नव्हत्या. कुणाला त्यांची आठवणही झाली नाही. दिवाळीत त्यांच्या खोलीत नायकाच्या मेव्हण्याचं ऑफिस थाटलं गेलं. त्यांची गादी, त्यांचा देव्हारा, भिंतीवरचा त्यांच्या यजमानांचा फोटो, सगळं गेलं. त्यानंतर माईंचं नाव आजतागायत कुणाच्या तोंडी आलेलं नाही.

आई दोन महिने रोज विचारत होती, “माईंचं काय झालं गं?” मी आधी म्हणायचे, येतील. नंतर म्हणायला लागले, अगं, मालिका आहे ती. त्यावर ती एकदा म्हणाली, “मालिका आहे हे मला कळतं. घरातलं माणूस दिसेनासं झालं तर घरचे विचारतात की नाही, एवढंच मी म्हणते.”

त्या दिवशी हे पत्र लिहायचं ठरवलं.

मी सांगलीची. नोकरी बँकेत केली, पण जीव विंगेत होता. हौशी नाटकं, राज्य नाट्य स्पर्धा असं करत २२ वर्षं मी पडद्यामागे उभी राहिले. प्रॉम्प्टिंग केलं, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळल्या, आणि एक काम कायम माझ्याकडेच असायचं, एंट्री देण्याचं. नट विंगेत अंधारात उभा असतो. कितीही प्रयोग झालेले असोत, त्याचे तळहात गार पडलेले असतात. त्याच्या दोन खांद्यांच्या मधे मी हात ठेवायचे आणि आतल्या नटाच्या वाक्याचा शेवटचा शब्द आला की हलकी थाप द्यायची. तेवढ्या थापेसरशी विंगेतला माणूस दुसराच कुणी होऊन उजेडात जायचा. हे मी किती वेळा पाहिलं असेल, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आलेला आहे.

जाण्याचं शिक्षण तर त्याहून कडक. आमचे दिग्दर्शक सांगायचे, विंगेत शिरल्यावर थांबायचं नाही, आणखी चार पावलं त्याच चालीत चालायचं, कारण कडेच्या खुर्च्यांना आतलं दिसतं. कडेच्या खुर्चीवरच्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं. आमच्याच शाखेतले एक कॅशियर एका नाटकात पोस्टमन करायचे. तार द्यायची, एक वाक्य म्हणायचं आणि जायचं. जेमतेम दोन मिनिटांचं काम. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री त्यांनी विचारलं, “सर, जाताना मी एकदा मागं वळून बघू का?” त्यावर अर्धा तास चर्चा झाली. तारेत काय आहे ते पोस्टमनला माहीत असतं का? माहीत असेल तर तो कसा जाईल? शेवटी ठरलं की उंबऱ्याशी थांबायचं, टोपी काढायची, पुन्हा घालायची आणि जायचं. वळायचं नाही. प्रयोगाला ती टोपी निघाली आणि सगळं नाट्यगृह एकदम चिडीचूप झालं. तारेतला मजकूर अजून कुणी वाचलेला नव्हता.

दोन मिनिटांच्या पोस्टमनला आम्ही अर्धा तास दिला. चार वर्षांच्या माईंना तुम्ही किती वेळ दिलात?

मी ज्या गावात वाढले तिथं ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्याच तारखेला. त्या काळच्या खेळात सूत्रधार आधी गाऊन सांगायचा की आता कोण येणार. विदूषक यायचा, मग गणपती यायचा, आशीर्वाद द्यायचा आणि जायचा. सरस्वती यायची, नाचायची आणि जायची. म्हणजे आपल्या नाटकाचा पहिला धडाच येण्याचा आणि जाण्याचा आहे. देवालासुद्धा रंगमंचावरून नुसतं नाहीसं करायची सोय तेव्हा नव्हती. त्याच्या जाण्यालाही पद होतं, ताल होता.

घरातही आपलं तसंच आहे. आपल्याकडे निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जाते’ म्हटलं तर आई अजूनही मला थांबवते आणि ‘येते म्हण’ म्हणून पुन्हा म्हणायला लावते. परगावी निघालेल्याच्या हातावर दही घालतो. माहेरवाशिणीला हळदकुंकू लावल्याशिवाय निघू देत नाही. गणपती हलवताना त्याच्याबरोबर दहीपोह्यांची शिदोरी देतो. पाहुण्याला सोडायला फाटकापर्यंत जातो आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभे राहतो. तुमच्या मालिका रोज हीच संस्कृती दाखवतात. नव्या सुनेनं माप ओलांडलं की तो सोहळा तुम्ही पाच पाच भाग चालवता, तांदूळ सांडताना तीन बाजूंनी दाखवता. त्याच घरातून एक म्हातारी बाई निघून जाते तेव्हा तिला अर्धं वाक्यही मिळत नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या हरवलेल्या माणसांची. माई एकट्या नाहीत. शेजारच्या काकू, ऑफिसातला मित्र, नायिकेची धाकटी बहीण, घरातला गडी. ट्रॅक बंद झाला की माणूस बंद. धाकटी बहीण बारावीला बसलेली असते, परीक्षा होते, निकाल लागतच नाही, कारण बहीणच उरलेली नसते. मला कल्पना आहे की तुमचं काम सोपं नाही. रोजचा भाग रोज लागतो, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक शिल्लक नसते, पानं सेटवर ओली ओली पोचतात, कलाकाराच्या तारखा जुळत नाहीत, गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारी गोष्ट वळवायला सांगितलं जातं. कुणी आजारी पडतं, कुणाला दुसरं काम मिळतं, कुणाचं मानधनावरून बिनसतं. ते तुमचं अंतर्गत आहे, मला त्यात शिरायचं नाही. पण कलाकार नसला तरी त्याच्याबद्दल बोलता येतं. माईंचं एक पत्र वाचून दाखवता आलं असतं. “माई आता काशीलाच राहणार म्हणतात” असं धाकटीच्या तोंडी घालता आलं असतं. देव्हारा हलवताना मोठ्या सुनेचा हात क्षणभर अडला असता, तरी माझ्या आईला सगळं कळलं असतं. याला ना पैसा लागतो, ना तारीख.

जाण्याची तयारी आधी पेरून ठेवता येते, हेही तुम्हाला मी सांगायला नको. १९७१चा ‘आनंद’ आठवा. माणूस गेल्यावर खोलीत त्याचा आवाज येतो, कारण आधी हसतखेळत तो टेपवर घेऊन ठेवलेला असतो. तेव्हा आपण त्या टेपकडे गंमत म्हणून पाहिलेलं असतं. जाणारा आनंद राजेश खन्नांचा आहे, पण ते जाणं इतकं लागतं ते लिहिणाऱ्यांच्या या तयारीमुळे.

‘तो नायक होता, तुमच्या माई साइड कॅरेक्टर’ असं कुणी म्हणेल, म्हणून ‘शोले’चं सांगते. मी शाळेत असताना पाहिला, पुढं किती वेळा पाहिला त्याला गणती नाही. गब्बरच्या एंट्रीबद्दल सगळे बोलतात आणि ते योग्यच आहे. चांगला तासभर चित्रपट झाल्यावर तो येतो. त्याची माणसं आधी येऊन, मार खाऊन गेलेली असतात. मग खडकावरून चालणारे बूट आणि खडकाला घासत जाणारा पट्टा, चेहरा नंतर. जयच्या जाण्याबद्दलही सगळे बोलतात. ते नाणं दोन्ही बाजूंनी सारखं होतं हे वीरूला कळतं तेव्हा आपल्यालाही कळतं की हा मित्र आधीपासूनच त्याच्यासाठी हरत नव्हता, ठरवून निवडत होता. पण मला सांगायचं आहे ते अहमदबद्दल. आपल्या सचिन पिळगावकरांनी केलेला तो इमामसाहेबांचा पोरगा. जबलपूरला बिडीच्या कारखान्यात नोकरीला निघालेला. किती वेळ दिसतो तो? थोडाच. तो मारला जातो हे दाखवलेलंही नाही. गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो, आणि पुढं घोडा त्याचं प्रेत घेऊन गावात येतो. सगळं गाव जमतं, गप्प उभं राहतं. आंधळे इमामसाहेब काठी टेकत येतात आणि विचारतात, इतकी शांतता का आहे? मग त्यांचा हात मुलाच्या अंगावर पडतो.

एवढ्या मोठ्या चित्रपटात, एवढ्या मोठ्या नटांच्या गर्दीत, त्या पोराच्या जाण्यासाठी जागा काढली. रामगढ हे गाव आपल्याला खरं वाटतं ते अशा जागांमुळे. जिथं कुणी गेल्याचं कुणाला काही वाटत नाही, ते घर खरं वाटेल कसं? तुमचं ते चौसोपी घर, तो झोपाळा, ती तुळस माईंनंतर मला पुठ्ठ्याची दिसायला लागली आहे.

आणि ‘सामना’. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. त्यात एक परका, दारुडा मास्तर हिंदुराव धोंडे पाटलांच्या गावात येतो आणि एकच प्रश्न धरून बसतो, “मारुती कांबळेचं काय झालं?” गावातलं एक माणूस नाहीसं झालंय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, यावर अख्खा चित्रपट उभा आहे. मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू आणि पाटील झालेले निळूभाऊ फुले समोरासमोर आहेत, पण दोघांच्या मधे सतत उभा आहे तो मारुती कांबळे. ५० वर्षं झाली, तरी महाराष्ट्रात कुठं काही दडपलं गेलं की लोक हेच वाक्य म्हणतात. आईनं ‘सामना’ पाहिलेला आहे. तिनं माईंबद्दल विचारलं तेव्हा तिच्या डोक्यात तो नसेल. माझ्या मात्र होता. नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारायची सवय याच मराठी कलेनं आम्हाला लावली आहे. आता आम्ही विचारतो तर उत्तर द्या.

दुसरी तक्रार चेहरा बदलण्याची. कलाकार बदलला म्हणून मी कधी रागावले नाही. नाटकात भूमिका एकाकडून दुसऱ्याकडे जातात, कित्येकदा दुसरा पहिल्याहून उजवा निघतो. पण नाट्यगृहात पडदा उघडण्याआधी सांगतात की आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक करणार आहेत. प्रेक्षक ते ऐकतो, मनाची तयारी करतो, कधी कधी नव्या माणसाला एंट्रीलाच टाळी देऊन धीर देतो. तुमच्यातले काही जण खाली पट्टी फिरवतात, ते चांगलं आहे. पण आईसारखीला ती पळती अक्षरं वाचता येत नाहीत. आवाजात सांगा, भाग सुरू होण्याआधी सांगा. आणि जो कलाकार गेला त्याचं नाव घेऊन आभार माना. त्यानंही दिवसाचे बारा बारा तास दिलेले असतात.

तिसरी तक्रार खोट्या मरणांची. माणसाला दरीत ढकलायचं, घरात फोटोला हार घालायचा, तेराव्यापर्यंत सगळं दाखवायचं, आणि आकडे घसरले की त्याला परत आणायचं. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेतला नायक मिहिर गेला आणि प्रेक्षकांच्या आग्रहाखातर परत आला, तेव्हापासून हा रस्ता मळलेला आहे. त्या वेळी लोकांनी मागितलं म्हणून आणलं, हे मी समजू शकते. आता मारतानाच परत आणायचं ठरलेलं असतं. माझ्या आईच्या वयाची माणसं फोटोला हार पाहून खरंच हळहळतात. त्यांच्या आयुष्यात दर दोन महिन्यांनी एक खराखुरा फोटो भिंतीवर चढतो आहे. त्यांच्या हळहळीला हात घालताना जरा जपा, एवढी कळकळीची विनंती.

यातच प्रोमोचंही आलं. रविवारच्या महाएपिसोडला कोण जाणार ते गुरुवारपासून दिवसातून २० वेळा दाखवलं, की ते जाणं रविवारी उरतच नाही. एंट्रीचंही तेच. नवं पात्र आलं की गाडीतून उतरणारा पाय, उडणारे केस, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन तीनदा कॅमेरा आणि ढोलताशे. सगळ्यांनाच अशी एंट्री मिळाली की कुणाचीच लक्षात राहत नाही. माईंची मला आठवते. पदराला हात पुसत येणारी. तिला ढोल नव्हता.

चौथी तक्रार चित्रपट दाखवण्याबद्दल आहे, आणि ती ओटीटीवाल्यांनाही लागू आहे. २०१६ साली ‘सैराट’ मी भाचीबरोबर थिएटरमध्ये पाहिला. शेवटी ते लहान मूल रक्तातून चालत बाहेर येतं आणि आवाज बंद होतो. रडणारं तोंड दिसतं, रडणं ऐकू येत नाही. लाल पावलं उमटत जातात. तीन तास जे थिएटर ‘झिंगाट’वर नाचत होतं, तिथं कुणी खुर्चीवरून उठेना. भाचीनं माझं मनगट धरलं होतं, ते दिवे लागल्यावरही सोडलं नाही. पुढं तोच चित्रपट एका वाहिनीवर लागला. मूल बाहेर आलं, आवाज बंद झाला, आणि खालून रंगीत पट्टी सरकत आली, ‘यानंतर पाहा’. त्यावर एक हसरी जोडी हात हलवत होती. पावलं त्या पट्टीखाली गेली. मग शांततेच्या मध्यावर जाहिरात सुरू झाली, दुप्पट आवाजात. आर्ची आणि परशाच्या जाण्याला दिग्दर्शकानं जो मान दिला होता, जी शांतता जपून ठेवली होती, ती तुम्ही साबण विकायला वापरलीत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तर शेवटचं दृश्य संपतं न संपतं तोच चित्र कोपऱ्यात लहान होतं आणि पुढचं काहीतरी सुरू व्हायला आकडे मोजले जातात. श्रेयनामावली चालू असतानाची ती दोन-तीन मिनिटं आम्हाला हवी असतात. डोळे पुसायला हवी असतात. आणि त्या यादीत आमच्या पोस्टमनसारख्या कुणाचं तरी एकदाच नाव येत असतं. ते वाचायला त्याचं घर बसलेलं असतं.

काही वेळा जाणं तुमच्याही हातात नसतं, हे मी विसरलेले नाही. २०२० साली टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला राज्य सरकारची मनाई होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. त्या मधल्या काळात कितीतरी घरांतले आजी-आजोबा अचानक दिसेनासे झाले. तेव्हा कुणी तक्रार केली नाही. कारण माहीत होतं, आमच्याही घरी तेच चाललं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात एका मालिकेच्या चित्रीकरणासाठी असताना कोरोनाने गेल्या. ‘मत्स्यगंधा’ नाटकातली त्यांची गाणी ऐकत आमची आधीची पिढी वाढली. अशा वेळी लिहिणाऱ्यानं काय लिहावं, सोबतच्या कलाकारांनी दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं उभं राहावं, हे मला विंगेत राहून थोडंफार कळतं. तिथं घाई करू नका, असंच मी म्हणेन.

पण अवघड असलं तरी अशक्य नसतं. अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा कार्यक्रम आहे, आपल्याकडची ‘गली गली सिम सिम’ त्याचंच रूप. त्यात दुकानदार मिस्टर हूपर करणारे विल ली १९८२च्या डिसेंबरात वारले. प्रेक्षक तीन-चार वर्षांची पोरं. हूपर दुसऱ्या गावी राहायला गेले, असं सहज सांगता आलं असतं. लेखकांनी तसं केलं नाही. २४ नोव्हेंबर १९८३च्या भागात तो मोठा पिवळा पक्षी, बिग बर्ड, सगळ्यांची चित्रं काढून आणतो आणि वाटतो. एक उरतं, हूपरसाठीचं. ते द्यायला तो त्यांना शोधतो. मोठी माणसं त्याला सांगतात की ते आता परत येणार नाहीत. तो विचारतो, का? आणि मोठ्यांकडे उत्तर नसतं. नाही येणार, एवढंच. शेवटी तो ते चित्र आपल्या घरट्याशी लावून ठेवतो. ४० वर्षांपूर्वी तीन वर्षांच्या मुलांना जे सरळ सांगता आलं, ते आपल्याला ८४ वर्षांच्या बाईला सांगता येऊ नये?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१०० भागांपेक्षा जास्त काळ मालिकेत राहिलेलं कुठलंही पात्र न सांगता नाहीसं करू नका. कलाकार उपलब्ध असेल तर जाण्याचं एक दृश्य, नसेल तर इतरांच्या तोंडी दोन स्पष्ट वाक्यं, आणि पुढच्या सणावाराला एकदा तरी त्याचं नाव.

कलाकार बदलला तर भाग सुरू होण्याआधी ते आवाजात सांगा आणि आधीच्या कलाकाराचे नाव घेऊन आभार माना.

कलाकाराचं निधन झालं तर पात्रालाही निरोप द्या. गोष्ट चार दिवस थांबली तरी आम्ही थांबू.

कुणाचंही जाणं प्रोमोत उघड करू नका. आणि ज्याच्या फोटोला हार घातलात त्याला परत आणू नका.

चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यावर आणि श्रेयनामावलीवर पट्टी, जाहिरात, ‘यानंतर पाहा’ काहीही नको. ॲपवाल्यांनी पुढचं आपोआप सुरू करायचं असेल तर नावं पूर्ण संपल्यावर करावं.

लेखकांना वेळ द्या. कोण जाणार हे तुम्हाला पंधरा दिवस आधी कळलं असेल तर त्यांनाही पंधरा दिवस आधी कळू द्या. तुमच्याकडे चांगली लिहिणारी मुलंमुली आहेत, काहींना मी स्पर्धेच्या विंगेत लहान असताना पाहिलेलं आहे. त्यांना जाणं लिहिता येतं. त्यांना सांगितलंच जात नाही.

हे पत्र पाठवण्याआधी मी आईला वाचून दाखवलं. गवार मोडता मोडता तिनं सगळं ऐकलं. पोस्टमनच्या टोपीचं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, माझ्या नावानं शेवटी एवढं लिही. माई गावाला असतील तर कधी येणार ते कळवा. आणि वारल्या असतील तर तसं सरळ सांगा, म्हणजे मी आंघोळ करून घेईन.

आपली,
सांगलीची एक प्रेक्षक